दांडा बुडेपर्यंत

"हे मी सांगितलं तर तुमचा विश्वास बसायचा नाही. आणि बसलाच, तर मला तुमची काळजी वाटेल," एनॉसमामा टेबलावर दोन्ही कोपरं टेकवत म्हणाला, आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या आर्डिस इंगर्सॉलने डोळे मिटून घेतले. मामा या वाक्याने सुरू झाला की पाऊण तासाची निश्चिंती, हे तिला पन्नास वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. आयुष्यभर त्या पाऊण तासाला तिने नावं ठेवली होती. आज तिला तो पुरेपूर हवा होता. भिंतीवरच्या घड्याळात तीन पस्तीस झाले होते.

मामासमोर मिस्टर ट्वीडी बसले होते. अंगात कोट, गुडघ्यावर टोपी, पायाशी बॅग. हॅमिल्टन शहरात तीस वर्षं बसगाड्यांची वेळापत्रकं आखून निवृत्त झालेला हा माणूस फेअरव्ह्यू हाउसमध्ये सहा रात्रींसाठी आला होता. पाच झाल्या होत्या. सहावी राहायची त्यांची तयारी नव्हती.

"मी देखावा बघायला आलो होतो, बाई," त्यांनी मघाशीच जिन्यावरून उतरताना सांगितलं होतं. "तुमच्या जाहिरातीत ग्रँड मनान बेटाचे उंच कडे आहेत, दीपगृह आहे, सूर्यास्तसुद्धा आहे. पाच दिवसांत मी फक्त तुमचे पडदे पाहिले. आता ते पाठ झालेत."

यात खोटं काही नव्हतं. फंडीच्या उपसागरावर धुकं बसलं की ते पाहुण्यासारखं उठत नाही, जावयासारखं राहतं. एकशे तीस वर्षांचं तीन मजली लाकडी हॉटेल, खाऱ्या वाऱ्याने रंग खरवडलेला, व्हरांड्याचे तीन खांब दोऱ्यांनी आवळलेले, न्हाणीघरातल्या टबाला सिंहाचे पाय आणि त्यातला एक विटेचा. हे सगळं समोरच्या समुद्राकडे बघून लोक माफ करत. समुद्रच दिसेनासा झाला की विटेचा पाय दिसू लागे.

आर्डिसला आजची एकच रात्र हवी होती. नव्या नियमांप्रमाणे हॉटेलला दुसरा जिना हवा, लोखंडी दारं हवीत. ती तिच्याकडून सात जन्मांत झाली नसती. पणजोबांच्या काळचा परवाना होता म्हणून हॉटेल तगून होतं. पण त्या परवान्याला एक अट होती. एक जूनपासून तीस सप्टेंबरपर्यंत एकही रात्र पाहुण्यावाचून जाता कामा नये. एक रात्र रिकामी गेली की परवाना संपला. जुलैत एकदा पाववाल्याची गाडी बंद पडली तेव्हा त्या बिचाऱ्याला तिने जवळजवळ कोंडून ठेवलं होतं. अशा एकशे एकवीस रात्री तिने ओढून आणल्या होत्या, आणि आज तीस सप्टेंबर होता. उद्या सकाळी तपासनीस येऊन पाहुण्याला नाश्ता करताना स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होता. घरचं माणूस पाहुणा म्हणून चालणार नाही, असं त्याने पत्रानेच कळवलं होतं.

अकरा नंबरच्या खोलीत ती जन्मली होती, त्याच खोलीत तिची आई गेली होती. बेटाबाहेर तिचं म्हणावं असं एकच घर होतं, चुलतबहिणीचं, आणि त्यात नऊ मांजरं होती.

हेरिंग बेटावरून मुख्य किनाऱ्याला जायला एकच वाट. ओहोटीला दगडगोट्यांचा अर्धा मैल लांब दांडा उघडा पडतो, त्यावरून गाडी न्यायची. भरती चढू लागली की दांडा बुडतो तो रात्रीपर्यंत, आणि अंधारात तिकडे कोणी फिरकत नाही. आज तो चार वीसला बुडणार होता. दाराजवळच्या पाटीवर तसं लिहिलेलंच होतं, आणि मिस्टर ट्वीडींनी ते वाचलं होतं.

"ती वेळ हिवाळ्याची," आर्डिस बोलून गेली होती. "उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, छापील तक्त्यात तो तास धरत नाहीत. त्यात एक मिळवायचा. तुम्हाला पाच वीसपर्यंत वेळ आहे. चहा तरी घ्या."

छापील तक्त्यापुरतं ते खरंच होतं. पण पाटी तिच्या आईच्या हातची होती, रोज आकडे बदलायचे तेवढे खडूने. त्यात तास आधीच धरलेला असे, आणि तसं खालच्या ओळीत लिहिलंही होतं. आर्डिस त्या ओळीला पाठ लावून उभी होती. मग मागच्या दाराने लाकडाच्या खोपटात जाऊन मामाला एवढंच म्हणाली होती, "चार वीसपर्यंत त्यांना बसवून ठेव. काहीही सांग."

आता मामा काहीही सांगत होता.

"माझ्या आजोबांच्या वेळची गोष्ट. त्या दिवशी भरती अशी आली, मिस्टर ट्वीडी, की हॉटेल पायावरून उचललं गेलं आणि तरंगत निघालं. बेचाळीस पाहुण्यांसकट. लापशी वाढत होते. एकाचाही चमचा हलला नाही."

"कोणाला कळलं नाही?"

"चार नंबरच्या बाईंना कळलं. त्या घंटा बडवून म्हणाल्या, मी डाव्या हाताला दीपगृह असलेली खोली घेतली होती, ते उजवीकडे का?"

मिस्टर ट्वीडी हसले नाहीत, पण त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं. आर्डिसने त्यांच्यापुढे ब्लूबेरीचं पुडिंग ठेवलं. त्यांची पाठ खिडकीकडे होती; खुर्ची तिनेच तशी लावली होती. खिडकीबाहेर पांढरं फटक धुकं. पाच दिवस ते उठावं म्हणून तिने देव पाण्यात घातले होते, आणि आता ते बसून राहावं म्हणून तिचा जीव खालीवर होत होता. उठलं तर दांडा दिसेल, दांड्याशी आलेलं पाणीही दिसेल.

"आणि बुडालं कसं नाही?" मिस्टर ट्वीडींनी विचारलं.

"तळघरात रिकामी पिंपं होती. भरलेली का नव्हती, ते माझ्या आजोबांना विचारा. मागून आमची गाय पोहत आली. धार काढायची वेळ झाली होती, ती काय करणार? आचाऱ्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओणवं होऊन धार काढली. दूध जरा खारट लागलं, म्हणून त्या दिवशी लोणी मिठाशिवाय."

"हे तुम्ही पाहिलंत?"

"मी तेव्हा जन्मलो नव्हतो, म्हणून तर इतकं स्वच्छ आठवतंय."

चार वाजले. चार पाच. आर्डिसने तोच कप तिसऱ्यांदा पुसला.

चार बाराला मिस्टर ट्वीडी उठले. "छान होतं पुडिंग. निघतो मी. पाच वीसची वाट कशाला बघायची?"

आर्डिस टेबलापर्यंत आली. आता निघाले तर ते दांड्याच्या ऐन मध्यावर असताना दोन्ही बाजूंचं पाणी एकत्र येणार. धुक्यात चाकं भिजेपर्यंत कळायचं नाही. या किनाऱ्यावर माणसं माशाबद्दल खोटं बोलतात, वयाबद्दल, दारूबद्दल, मेलेल्या नवऱ्याच्या गुणांबद्दलही बोलतात. भरतीची वेळ मात्र कोणी खोटी सांगत नाही. सांगितलेल्याला दफनभूमीत जागासुद्धा मिळालेली नाही. तिने टेबलाची कड धरली. "मिस्टर ट्वीडी," ती म्हणाली, आणि खरी वेळ सांगायला तिने तोंड उघडलं. परवाना गेला तर जाऊ दे.

"आणि बिशप?" मामा म्हणाला. "ते टबातच राहिले की."

"कोण बिशप?" मिस्टर ट्वीडी कोटाचं बटण हातात धरून थांबले.

"पाहुण्यांतले एक. तीन तास पाण्यात. खोली डुलते म्हणून बाहेर पडायला भीत होते, आणि अंगावर काही नाही म्हणून हाका मारायला लाजत होते."

मिस्टर ट्वीडी बसले. आर्डिसही चुलीजवळच्या पेटीवर बसली. खरी वेळ सांगायची राहूनच गेली.

"पण हॉटेल परत कसं आलं?"

"गेलं ओहोटीबरोबर, आलं भरतीबरोबर. फक्त उलटं बसलं. म्हणून आमचं पुढचं दार मागे आहे, आणि सगळ्यांत चांगला देखावा स्वयंपाकघराला. निघालं सात चाळीसला, टेकलं रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी."

"वेळा अगदी चोख आहेत तुमच्या."

"बाकी काहीही इकडचं तिकडे करावं, पण भरती चुकली तर इथे पोरंसोरंही उठून जातात," मामा अभिमानाने म्हणाला. "आणि लक्षात राहायला सोपं आहे. आजचीच भरती. आज सकाळी पाणी सात चाळीसला पूर्ण भरलं होतं. घड्याळाने, तास धरून."

आर्डिस पेटीवरून ताडकन उठली. मामाने तिच्याकडे पाहिलं. काय चुकलं ते त्याला कळलं नाही. तिने पाहुण्याला काय सांगितलंय, हे ती मामाला बोललीच नव्हती.

मिस्टर ट्वीडींनी टोपी टेबलावर ठेवली. त्यांची बोटं अंगठ्यावर एकेक करून टेकत गेली. तीस वर्षांची सवय.

साडेचार वाजत आले होते. नेमका तेव्हाच टेबलावरचा उजेड बदलला. पुडिंगचं भांडं चमकलं. मिस्टर ट्वीडींनी खुर्ची वळवली.

धुकं चादर ओढावी तसं एका बाजूला सरत होतं. आधी पाणी दिसलं, निळंशार. मग दीपगृह, डाव्या हाताला. मग पार क्षितिजाशी ग्रँड मनानचे कडे, उन्हाने तांबूस झालेले, इतके जवळ की हात लावावा. जाहिरातीतल्यापेक्षा चांगले. आणि खाली, जिथून गाडी न्यायची तिथे, चार बदकं पोहत होती. एकाने डुबकी मारली आणि ते बऱ्याच वेळाने वर आलं.

मिस्टर ट्वीडींनी एकेक करून कोटाची सगळी बटणं काढली. कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. आर्डिसकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग आहे की काय आहे, ते तिला ओळखता येईना.

"तुमचं हॉटेल तरंगलं हे मी मानतो," ते मामाला म्हणाले. "गाय मानतो. बिशपही मानतो." मग तिच्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "पण सात चाळीसला भरती, म्हणजे दोनला आठ मिनिटं कमी असताना पूर्ण ओहोटी. त्यापुढे अडीच तास दांडा उघडा असतो, हे पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतंत. चार वीसची पाटी बरोबर होती, मिसेस इंगर्सॉल. पाच वीस ही एवढीच गोष्ट आज या घरात खोटी होती."