पिंजऱ्यातलं डोकं

आमच्या मुख्याध्यापकांना विज्ञानाचं वावडं नव्हतं, फक्त ते हसतखेळत शिकवलेलं खपत नसे. माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष भरत आलं, तपासनीस साहेबांपुढे एक तास घेऊन दाखवायची वेळ आली, आणि मी नाटकात भुतं बनवणाऱ्या माझ्या मावशीला बोलावलं. सर म्हणाले, "तास फसला तर कायम व्हायचं विसरा, बाई."

"माझं भूत आजवर फसलेलं नाही," मावशी म्हणाली. "नट फसतात."

तिनं वर्गाच्या खिडक्या काळ्या कापडानं बुजवल्या. टेबलावर पोपटाचा रिकामा पिंजरा ठेवला. त्याच्यापुढे भलीमोठी काच तिरकी उभी केली आणि अशी पुसली, की ती आहे असं वाटूच नये. बाजूला पडद्याआड, मुलांना दिसणार नाही अशा उंच स्टुलावर प्लास्टरची कवटी. कवटीवर दिवा पडला की काच तिचं प्रतिबिंब नेमकं पिंजऱ्यात नेऊन बसवणार. काचेपासून पिंजरा जितका लांब, तितकंच स्टूल. मावशीनं सुतळीनं तीनदा मापलं.

साहेब मुलांच्या मागे वही उघडून बसले. अंधार झाला. मावशीनं दिवा हळूहळू वाढवला, आणि पिंजऱ्यात उगवलं ते मुख्याध्यापकांचं टक्कल.

लबाडी पकडायला सर मागच्या दारानं पडद्याआड शिरले होते. कवटी खाली ठेवून, तार कुठे दिसते का ते बघायला स्टुलावर वाकले होते. कोट काळा, पडदा काळा, मधोमध उजेडाचा गोळा! धड गडप. कुठूनसा एक हात आला आणि नाक खाजवून गेला.

"बाई, दाणे घालू का?" कोणीतरी ओरडलं, आणि वर्गात हशा फुटला.

दिवा मालवला तर सरांची अब्रू वाचत होती, पण माझा तास बुडत होता. पडद्याच्या कडेला उभ्या मावशीचा हात बटणावर. "बोल गं, भूत ताटकळलंय."

मी मुलांकडे वळले. "कोट का दिसत नाही?"

शेवटच्या बाकावर, मुलं जिला फुलस्टॉप म्हणत, ती बसायची. इवलीशी पोर, वर्षभर तोंड उघडलं नव्हतं. "काळं कापड उजेड गिळून टाकतं, बाई," ती म्हणाली. "टक्कल परत देतं."

पिंजऱ्यातले डोळे विस्फारले. सरांना कळलं. गेली नोकरी, मी मनात म्हटलं. पण डोकं जागचं हललं नाही. सर बोलत असताना एवढा वर्ग त्यांच्याकडे असा टक लावून कधी बसला असेल?

पडद्याआडून चाचरत आवाज आला, "बाहेर कसा येऊ?"

"मागे सरका, सर! काचेपासून जितके लांब जाल, तितकंच डोकं आत जाईल!" मी म्हणाले.

सर एक पाऊल मागे गेले. मावशीनं दिवा त्यांच्याबरोबर सरकवला. आणि ते डोकं, पाण्यातला चंद्र वेलीआड जावा तसं, गजांना न शिवता पिंजऱ्यामागे तरंगत गेलं. टाळ्या थांबेनात.

साहेबांनी शेरा लिहिला, 'मुख्याध्यापक स्वतः प्रयोगात उतरले. उत्कृष्ट तास.' माझं नाव कुठेच नाही. सरांनी तो तीनदा वाचला, आणि खिशातलं पेन काढून मला कायम करायच्या कागदावर सही ठोकली.

"दुसऱ्या तुकडीलाही दाखवायचंय ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"दाखवू की," मावशी काच पुसत म्हणाली. "पण थोडी पावडर लावून या, सर. कवटी एवढी चकाकत नव्हती."