दाराच्या खांबातली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पट्टी आहे. बोटभर लांब, आटे पाडलेल्या दोन भोकांची. दोनच माणसांच्या एका बुटक्या स्पोर्ट्स कारमध्ये, दाराशेजारच्या पोकळ खांबात मी राहते. दार लावलं की त्याचा खटका ज्या कडीत अडकतो, ती कडी बाहेरून दोन स्क्रूंनी माझ्यावर आवळलेली असते. कौतुक होतं ते गाडीच्या रंगाचं. मला कुणी सहसा बघतही नाही, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

गाडी आधी बाबांची होती, मग धाकट्या मुलाची झाली. माझ्या बाजूची, चालवणाऱ्याच्या शेजारची सीट मात्र त्याच्या ताईची. लहानपणी ती तिथेच बसायची, धाकट्याला मांडीवर घेऊन.

या धाकट्याला एक खोड. गाडी पुसून झाली की जाता जाता ते दोन स्क्रू आणखी पिळायचे, घट्ट असले तरी. त्या मायेनेच माझे आटे झिजले. कडी डुगडुगू लागली, दार वळणावर खडखडू लागलं. तो म्हणायचा, "ताई, फ्रिजचं दार नाहीये ते. किती आपटतेस!"

झोपलेल्या बाळाच्या खोलीचं लोटावं तसं ताई दार लोटू लागली. तरी याचं तोंड वाकडंच. खोट माझ्या अंगात आणि बोलणी तिला. मी अंधारात लाजेने चूर व्हायचे. एक दिवस ती म्हणाली, "तू हो पुढे, मी बसने येते." मग ती बसनेच येऊ लागली.

एकदा बाजारातून परतताना वळणावर दार आपसूक उघडलं. ताईच्या रिकाम्या सीटवरची पिशवी कलंडली आणि बटाटे रस्ताभर झाले. ते वेचता वेचता धाकटा मध्येच थांबला. दार त्याने स्वतः लावलं होतं.

घरी येऊन त्याने घाईत दोन्ही स्क्रू एकदम काढले. एक तरी ठेवायचा असतो, कारण आत मला दुसरा आधार नाही. मी खांबाच्या तळाशी पडले. तिथल्या भोकातून त्याचा पंजा काही शिरेना. एवढा बारीक हात ताईचाच. तिला फोन करायला त्याला बराच वेळ लागला.

ताई आली, मनगटावरचं घड्याळ काढलं, मला बाहेर काढलं, भोकावर बोट फिरवलं. "अरे, यात आटेच उरले नाहीत. आणि मी श्वास रोखून दार लावत होते."

त्याचे कान लाल झाले. "चुकलं माझं," तो माझ्याकडे बघत म्हणाला. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

लेथवाल्याने जरा मोठ्या मापाचे आटे पाडले. बसवताना धाकट्याने मला तारेने बांधून धरलं, नवे स्क्रू पुरेसे आवळले आणि हात आवरला. ताई सीटवर बसली. सवयीने तिने दार हळूच ओढलं. खटका अर्धाच लागला.

"आपट, ताई."

"बघ हं."

"आपट गं."

तिने आपटलं. मी धरून राहिले.

मित्रांनो, एखादी वस्तू कुरकुरली तर आधी तिच्या आत हात घालून पाहा, माणसाला मग बोला. माझे आटे नवे झाले. पण ताई अजूनही दार लावण्याआधी क्षणभर भावाच्या तोंडाकडे बघते. तेव्हा आतल्या आत मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.