फुली

कोपऱ्यातल्या टाइलवर तिने काठी वाजवली, खाली वाकून पुन्हा वाजवली आणि पुढे सरकली. टक. पुढची, टक. खालून सिमेंटचा माल गच्च भरला असेल तर टाइल असा स्वच्छ आवाज देते. पोकळी राहिली असेल तर ढब्ब करते, आणि मग तिच्यावर लाल खडूने फुली मारायची. ही खोली तिने सकाळीच तपासली होती. मग आता दुसऱ्यांदा कशाला, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. खरं काम याच मजल्यावरच्या समोरच्या घरात होतं आणि तिथे जायला पाय धजत नव्हते.

बांधकाम व्यवस्थापनाची शिकाऊ म्हणून ती या इमारतीवर लागली, तेव्हा सुरुवातीला नुसती पळापळच वाट्याला आली. हे आण, ते मोज, त्याला बोलाव. साइट इंजिनिअर प्रत्येक गोष्ट 'आत्ताच्या आत्ता' मागायचे, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना आत्तासाहेब म्हणत. याच आत्तासाहेबांनी तिच्या हातात काठी आणि खडू दिला.

"चौथा मजला तुझा. तू पास केलंस की मी पास केलं. मात्र एखादी खोली मी स्वतः वाजवून बघणार. तिथे खोट निघाली, तर परत खाली जाऊन मोजपट्टीचं टोक धरायचं."

तिला आभाळ ठेंगणं झालं. घरी जाऊन आईला तिने तीच गोष्ट दोनदा सांगितली. आणि दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराने चौथ्या मजल्यावर नवा फरशी मिस्त्री आणला. जिना चढून धापा टाकत वर आलेला मिस्त्री म्हणजे तिचे बाबा.

बाबांनी जिन्यातच तह करून टाकला.

"इथे मी मिस्त्री, तू मॅडम. आपली ओळख नाही. पोरीच्या वशिल्याने बापाचं काम पास होतं, असं कुणी म्हणायला नको."

"आणि नापास झालं तर?"

"माझं?" बाबा हसले.

हसण्यासारखंच होतं ते. त्यांनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ठेवल्या जागी राहायची. तेव्हापासून दोघं सकाळी घरातून एकत्र निघत आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर अनोळखी होत. पण काल संध्याकाळी समोरच्या घरातून जाता जाता तिने सहज काठी टेकवली, आणि ढब्ब झालं. दमलेय म्हणून कान वाजतायत, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. ते काही पटलं नाही. जेवण गेलं नाही, आणि आज सकाळपासून ती तहान नसताना पाणी पीत होती.

समोरच्या घरातलं टाइल कापायचं कटर मशीन थांबलं. आता सबब उरली नव्हती.

बाबा गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने फरशी पुसत होते.

"या, मॅडम!" ते ओरडलेच. हल्ली ते सगळंच मोठ्याने बोलायचे. घरी टीव्ही असा लावायचे की शेजाऱ्यांना वेगळ्या बातम्या लावाव्या लागू नयेत. आई म्हणायची, यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं, आणि मग सगळे हसायचे.

तिने दारापासून सुरुवात केली. टक. टक. ढब्ब. तिने तीच टाइल पुन्हा वाजवली. ढब्ब.

"बघा, कशी खणखणीत बोलतेय!" बाबा म्हणाले.

हे काय, बाबा तिला कानाडोळा करायला सांगतायत? तिने वर पाहिलं. बाबा टाइलकडे बघतच नव्हते. पेपर तपासणाऱ्या बाईंकडे मूल बघतं, तसे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने चेहरा कोरा ठेवला आणि शेजारची वाजवली. ढब्ब.

"हीपण छान."

मग तिने एक चांगली भरलेली टाइल वाजवली. टक. आणि मुद्दाम कपाळाला आठी घातली.

"का? काय झालं?" बाबा गडबडून पुढे झाले. "पोकळ आहे?"

तिला रडूच कोसळणार होतं. आयुष्यभर त्या कटरच्या किंचाळण्याशेजारी बसून बाबांचे कान गेले होते, आणि घरात त्याचा विनोद झाला होता. ती स्वतःसुद्धा हसली होती. तिला लाज वाटली, आणि बाबांचा रागही आला. सांगता येत नव्हतं का? पण ज्याची फरशी उखडावी लागते त्याला ठेकेदार घरचा रस्ता दाखवतो, मग कान गेलेत म्हणून आपणहून कोण सांगेल?

साहेब नेमकी हीच खोली वाजवतील असं नव्हतं. फुली न मारता निघून जाता आलं असतं. पण उद्या इथे कुणीतरी संसार मांडणार, एखादी कळशी हातातून सुटणार आणि बाबांची टाइल तडकणार. ती खाली बसली आणि तिने फुल्या मारायला सुरुवात केली. खडू दोनदा मोडला. बाबा बघत होते. मग ते खोलीच्या पार टोकाला गेले आणि रबरी हातोडी उगाचच पुसत बसले.

तेवढ्यात आत्तासाहेब आले.

"एवढ्या फुल्या? कोण मिस्त्री आहे हा? ठेकेदाराला आत्ताच्या आत्ता सांग, दुसरा आण म्हणावं." मग त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुझा चेहरा का असा? ओळखतेस का याला?"

"माझे बाबा आहेत, सर," ती म्हणाली. मान वर करून बोलणं तिला जमेना. "त्यांना ऐकू येत नाही. मला आत्ताच कळलं. हाताला काही खोट नाहीये त्यांच्या. बसवताना शेजारी कुणी वाजवून बघणारं असलं, तर एकही टाइल पोकळ राहणार नाही."

"अगं, मग आधी..." म्हणत साहेबांनी हात उचलला.

खोलीच्या त्या टोकावरून बाबांना दिसलं ते इतकंच. साहेबांचा उचललेला हात, पोरीची खाली गेलेली मान. ते हातोडी टाकून लगबगीने आले आणि दोघांच्या मधे उभे राहिले.

"साहेब, मॅडमना बोलू नका," ते म्हणाले, खोली दणाणेल अशा आवाजात. "चूक माझी आहे. त्यांनी बरोबर पकडली. नवीन आहेत, पण काम चोख आहे त्यांचं. आणि ओळखीपाळखीचं म्हणाल, तर तसलं काही नाही. या बाई कोण, कुठल्या, मला ठाऊकसुद्धा नाही."

साहेब एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. बाबांनी मान जराशी वळवली आणि साहेबांना दिसणार नाही अशा बेताने, काळजी करू नकोस म्हणून, पोरीकडे बघून हळूच एक डोळा मिचकावला.