डावं-उजवं

“खाली बघू नकोस. माझ्या पंखाकडे बघ. मी वळलो की वळायचं, मी उतरलो की उतरायचं.”

युद्ध संपून इतकी वर्षं झाली, तरी कप्तानाचा हा आवाज सावलीच्या कानातून गेला नव्हता. सावली हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. लढाऊ तुकडीत जोडीनं उडायची रीत होती. पुढचा वाट काढणार आणि मागचा त्याच्या पंखाला नजर चिकटवून जाणार. हा मागचा इतक्या इमानानं मागे राहायचा, की सगळी तुकडी त्याला सावली म्हणू लागली. पुढे लग्न झाल्यावर बायकोनंही तेच नाव उचललं.

एकदा धुक्यात कप्तानाला नदीकाठचा वाळूचा पट्टाच धावपट्टी वाटला. तो उतरला. सावलीही उतरला, कारण खाली बघायचंच नव्हतं. दोन्ही विमानं पोटावर घसरत गेली. जरा मान वळवली असती तरी कळलं असतं, की धावपट्टीच्या कडेला बगळे उभे नसतात. बातमी मात्र अशी पसरली, की असल्या धुक्यातही कप्तानानं दोघांचे जीव वाचवले. गुडघा फुटला सावलीचा आणि पदक लागलं कप्तानाच्या छातीवर.

मग शांतता आली. कप्तानानं भंगारात निघालेलं एक मालवाहू विमान घेतलं, पत्र्याची शेड उभी केली आणि प्रवासी न्यायला सुरुवात केली. वहिनींनी, म्हणजे कप्तानाच्या बायकोनं, खुर्च्यांची आच्छादनं शिवली. सावलीनं इंजिनं पुसली, तिकिटं फाडली, उलटी झालेल्या प्रवाशांच्या पिशव्यासुद्धा उचलल्या. कंपनी वाढली. वर्तमानपत्रानं मोठा मथळा दिला, ‘एका माणसाचं स्वप्न’. तो वाचून सावलीची बायको म्हणाली होती, “एका माणसाचं? मग तुम्ही कोण, त्या स्वप्नाखालची उशी?” तो हसला. पण ‘उशी’ हा शब्द दाताच्या फटीत अडकलेल्या सालपटासारखा राहून गेला. जीभ सारखी तिथंच जाई.

विमानात डावी खुर्ची मुख्य वैमानिकाची आणि उजवी त्याच्या मदतनिसाची. नव्या पोरांना सावली गमतीनं सांगायचा, की जगात चांगल्याला उजवा म्हणतात, आपल्या धंद्यात उजवा म्हणजे उणा. पोरं खो खो हसत. एरवीच्या फेऱ्यांना तो डावीकडे बसेही. पण नवा मार्ग असो की नवं विमान, पहिल्या उड्डाणाला डावी खुर्ची कप्तानाची. फोटो तेव्हाच निघत, आणि फोटोत उजवीकडच्याचा अर्धा कान येई.

आता कंपनीचं पहिलं जेट आलं होतं. उद्या ते प्रवासी घेऊन निघणार होतं.

आणि कप्तानाची नजर अधू झाली होती. हे सावलीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. उतरताना, जमीन आहे त्याहून वर असल्यासारखा तो विमान अलगद धरायचा, मग ते हवेतून धप्पकन खाली पडायचं. दोष टायरांवर जाई. वैद्यकीय तपासणीत तक्त्यावरची अक्षरं तो पाढे म्हणावेत तशी घडाघडा म्हणायचा. तक्ता तोच, डॉक्टर तेच. सावलीलाही तो पाठ होता, पण तो वाचून म्हणायचा.

त्या दुपारी सावली कंपनीच्या डॉक्टरांकडे गेला. दोनच शब्द बोलायचे होते, तक्ता बदला. उद्या इतकी माणसं त्या विमानात बसणार होती, तेव्हा हे सांगणं कर्तव्यच होतं. डॉक्टरांनी चष्मा पुसत गुडघ्याची चौकशी केली. सावलीनं तोंड उघडलं आणि थबकला. खरं बोलायला निघालेल्या जिभेला एवढी गोडी कुठून आली? त्याला डावी खुर्ची दिसत होती, फोटो दिसत होता, त्या फोटोत दोन्ही कान दिसत होते. प्रवासी मात्र एकही दिसत नव्हता.

गुडघा बरा आहे म्हणाला आणि उठला.

कप्तान हँगरमध्ये जेटच्या पुढच्या चाकापाशी उभा होता. टोपी काढून, देवघरापुढे उभं राहावं तसा. सावलीनं आडपडदा ठेवला नाही. “तुला दिसत नाही. तू तक्ता पाठ म्हणतोस. उद्या तू उडायचं नाहीस.”

कप्तानानं चाकावर हात टेकवला. मग म्हणाला, “सगळ्यांना फसवलं रे. तू सतत माझ्याकडेच बघत असतोस, हे विसरलो.”

“आणखी एक ऐक. मला ती खुर्ची हवी आहे. फार दिवसांपासून. आधी डॉक्टरांकडेच गेलो होतो, तुझ्या पाठीमागे.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगायला तोंड उघडलं, तर फार बरं वाटायला लागलं. म्हणून.”

कप्तान हसला. मोकळं हसला आणि खिशातून घराची किल्ली काढावी तितक्या सहजपणे म्हणाला, की उद्या डावीकडे तूच बस, डॉक्टरांना मी स्वतः सांगतो. भांडण नाही, विनवणी नाही. सावलीचा जुना हेवा पुन्हा जागा झाला. अरे, हरतानासुद्धा हा माझ्याहून उजवा! एवढं मोठं मन तरी माझ्या वाट्याला ठेवायचं होतंस. मनातल्या मनात त्यानं देवापुढे हात जोडले. मागायचं काय, ते मात्र सुचेना.

कप्तानाचा आवाज मग पहिल्यांदा हलला. त्याच्या म्हाताऱ्या आईला विमानाची धास्ती होती. ती आजवर एकदाही बसली नव्हती. आता कुठं तयार झाली होती, तेही पोरगा चालवणार असेल तरच बसेन, या हट्टानं. उद्या ती यायची होती. नवं लुगडं काढून ठेवलं होतं, शेजारणींना सांगून झालं होतं.

“मला नाही सांगवणार,” कप्तान म्हणाला. “माझी नजर गेली हे माझ्या तोंडून ऐकलं तर कोसळेल ती. तू जा. खोटं बोलू नकोस. विमान तू चालवणार आहेस हे सांग आणि विचार, बसशील का.”

“आणि नाही म्हणाली तर?”

“तर नाही म्हणाली. पण विचार.”

‘तुझ्या विमानात बसणार नाही’ हे त्या माउलीच्या तोंडून ऐकायला जायचं होतं. आजवरच्या सगळ्या फोटोंपेक्षा ते जास्त झोंबलं असतं. सावलीनं हातातली टोपी उलटसुलट केली.

“विचारतो,” तो म्हणाला. “शब्द दिला.”

नळावर त्यानं हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, केस सारखे केले. बाहेर उतरतं ऊन होतं. गाडी मागवता आली असती, पण बोलायचे शब्द जुळवायला वेळ हवा होता, म्हणून तो चालतच निघाला. म्हातारीचं घर बाजारामागच्या गल्लीत होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं सलाम करून विचारलं, साहेब, आज लवकर? सावलीनं नुसती मान हलवली आणि बाजाराच्या रस्त्याला लागला.