पास झालेली वाळू

आमच्या प्रयोगशाळेत कचऱ्याची परीक्षा होते. कारखान्यांतून बरण्या येतात. आम्ही त्यातला माल आम्लाच्या पाण्यात घालून रात्रभर यंत्रात घुसळतो, मग ते पाणी गाळून त्यात विष किती उतरलं ते मोजतो. कमी उतरलं तर कचरा पास, जातो साध्या डेपोत. जास्त उतरलं तर नापास, म्हणजे जाड अस्तराच्या बंदिस्त खड्ड्यात, आणि तो खर्च कारखान्याच्या डोक्यावर. त्यामुळे नापास व्हायला कोणालाच आवडत नाही. शाळेतही आवडायचं नाही म्हणा, पण तिथे निदान अभ्यास करावा लागायचा.

पितळी नळ ओतणाऱ्या एका कारखान्याची साच्याची वाळू नेमाने नापास व्हायची. पितळेतलं शिसं वाळूत उतरतं, त्याला इलाज नाही. मग एकदा ती एकदम पास झाली, तीही पहिल्या नंबराने. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला उरलेली बरणी उचलतानाच कळलं, कारण ती नेहमीपेक्षा जड लागली. टेबलावरचं लोहचुंबक आत फिरवलं, तर त्याला काळी दाढी फुटली. वाळूत लोखंडाचा कीस मिसळला होता.

लोखंड ताजं असेपर्यंत शिशाला धरून ठेवतं, पाण्यात उतरू देत नाही. आमच्या एका रात्रीच्या घुसळणीला ते सहज पुरतं. पुढे जमिनीची ओल लागली की लोखंड गंजतं आणि पकड सुटते. शिसं तेवढंच असतं, फक्त परीक्षेच्या दिवशी गप्प बसतं.

मी चुंबक घेऊन साहेबांकडे गेले.

"किती निघालं?" त्यांनी विचारलं.

"मर्यादेच्या खाली. पण..."

"मग पास. बरणीत जे आलं ते आपण तपासलं."

"साहेब, ही धूळफेक आहे."

"असेल. धूळफेक मोजायचं यंत्र आहे का आपल्याकडे?"

नव्हतं. वाळू पास झाली आणि गाड्या सुटल्या.

मी मुळात हट्टी. बरणीतली वाळू एका ट्रेमध्ये पसरून खिडकीत ठेवली आणि रोज तिच्यावर पाणी शिंपडत राहिले. बरोबरचे लोक विचारायचे, रोप कधी उगवणार म्हणून. महिने गेले, वाळू तांबूस झाली. चुंबकाला एक कणही चिकटेनासा झाला, तेव्हा ती पुन्हा घुसळली. शिसं मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. मला आनंद झाला. आपण बरोबर होतो याचा आनंद माणसाला होतोच, मग गोष्ट कितीही वाईट असो.

साहेबांनी आकडा बघून चष्मा पुसला. "नियमात ताज्या मालाची चाचणी आहे. तुमची ही शिळी वाळू नियमात बसत नाही."

"वर कळवा तरी."

"कळवलं तर पहिला प्रश्न येईल, पास कोणी केली. काय सांगू?"

माझे भावोजी त्याच डेपोवर बुलडोझर चालवतात. वाळू निदान कुठल्या कोपऱ्यात पसरली ते कळावं म्हणून मी त्यांना फोन केला.

"ती नळवाल्यांची ना? झकास माल," ते म्हणाले. "एक ट्रॉली तर आमच्या अंगणात आहे."

"अंगणात?"

"विहिरीपाशी चिखल व्हायचा ना. मुकादमाला विचारून आणली. तुझ्याच लॅबने पास केलेली, म्हटलं घरचाच माल."

फोन ठेवला आणि चुंबक पर्समध्ये टाकून तशीच निघाले. वाटेत देवाला नाही, लोखंडाला विनवत होते. अजून गंजू नकोस, थोडं धरून ठेव.

ताईचं अंगण छान सपाट झालं होतं. विहिरीच्या कठड्यापासून उंबऱ्यापर्यंत एकही डबकं नाही. मधोमध छकुली बसली होती, ताईची लेक. तिला नुकतं चालता यायला लागलंय, पण रांगणं अजून सुटलेलं नाही. मला बघून ती हसली आणि मूठ तोंडात घातली.

मी वाकून चुंबक जमिनीवर फिरवलं, आधी दारापाशी, मग विहिरीपाशी, मग छकुलीच्या पायांशी. सगळीकडून ते कोरंच वर आलं.

"काही हरवलं का गं?" ताईने विचारलं.

मी छकुलीला उचललं, तिची मूठ माझ्या ओढणीने पुसली आणि सगळं सांगितलं. भावोजी कुदळ आणायला वळले आणि तिथेच थांबले.

"उकरून काढीन आत्ता," ते म्हणाले. "पण टाकू कुठे? डेपोवरच ना?"

ताई विहिरीकडे बघत होती.

"आणि पाणी?" तिने विचारलं. "ती आणल्यापासून हेच पितोय आम्ही."

"पाणी आजपासून बंद. आणि छकुलीचं रक्त तपासून घ्यायला हवं."

ताईने छकुलीला माझ्याकडून घेतलं आणि घट्ट धरलं. रागावली असती, चार शब्द सुनावले असते, तर मला बरं वाटलं असतं.

"तूच तपास," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणी पास म्हटलं तर मला खरं वाटणार नाही."