कोपराला लावलेला हात

लामदुआनने त्या सकाळी नऊ मासे निवडले, आणि नऊच्या नऊ नर. माद्या घेऊन उपयोग नव्हता. या काळ्या हनुवटीच्या जातीत पिल्लं सांभाळतो तो नर, तीही तोंडात. गाल फुगलेले दिसले की समजायचं, आत मूठभर अंडी आहेत. तिने एकेकाचा जबडा अंगठ्याने हलकेच उघडून खात्री केली आणि त्याला पांढऱ्या बादलीत सोडलं. दहाव्याचं तोंड रिकामं निघालं. त्याला तिने दगडावर आपटलं.

नऊ हा आकडा पुण्यकर्माला शुभ. तिला सगळं कसं रीतसर करायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिचं स्वतःचं कोळंबीचं तळं होतं. नवऱ्याने, सवाटने, खणलेलं, कालव्याला लागून. उधाणाच्या भरतीला लाकडी उघाडी, म्हणजे तळ्याचं फळ्यांचं दार, उचलायची, पाण्याबरोबर कोळंबीची पिल्लं आत येतात. ती वाढली की ओहोटीला जाळं लावून पाणी सोडायचं. मेक्लोंग नदीच्या मुखाशी सगळे असेच जगतात. सवाट गेल्यावरही त्या तळ्याने तिला कुणापुढे हात पसरू दिला नव्हता. मग एका उधाणाला हे मासे आत शिरले. कधी इथल्या पाण्यात न दिसलेले, दूरदेशीचे. पावसाळा संपेपर्यंत त्यांनी कोळंबीचं पिल्लू न् पिल्लू फस्त केलं. शेवटच्या वेळी जाळं ओढलं तर त्यात नुसत्या काळ्या हनुवट्या वळवळत होत्या, आणि बाजारात त्यांना कुत्रं विचारत नव्हतं.

मासे आले कुठून, हे कालव्यावर सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते. थावॉन हा पाच गावांचा मुखिया, कमनन. साठ वर्षांचा झाला तेव्हा त्याने विहाराच्या घाटावर मासे सोडायचा मोठा घाट घातला. जिवाला जीवदान, सोडणाऱ्याला आयुष्य. कुठल्याशा ट्रकवाल्याकडून टपभर मासे त्याने स्वस्तात उचलले. जात कोणती, हे विचारलंसुद्धा नाही. सोडायचेच तर होते, खायचे थोडेच होते! भिक्खूंनी मंत्र म्हटले, थावॉनने वाडगा कालव्यात रिकामा केला, आणि रीतीप्रमाणे मागच्याने पुढच्याच्या कोपराला हात लावला. असा हात लावला की एकाचं पुण्य सगळ्यांना मिळतं. लामदुआन रांगेत पहिली होती. तिचा हात थेट थावॉनच्या कोपराला.

एवढ्यावर ती गप्प बसली असती. चुकतो माणूस. पण पुढचं ऐका. महिन्याभरात थावॉनच्या स्वतःच्या उघाडीशी यातले दोन मासे सापडले. या सद्गृहस्थाने काय करावं? उघाडीवर दुहेरी बारीक जाळी ठोकली, पाणी गाळून घ्यायला सुरुवात केली, कोळंबीची पिल्लं विकत आणून सोडली आणि तोंडाला कुलूप लावलं. कुणाला चकार शब्द नाही. पुढच्या उधाणाला लामदुआनने नेहमीसारखी उघाडी उचलली. तो समोरच्या बांधावर उभा राहून बघत होता. हातसुद्धा हलवला होता त्याने तिला.

हे कळलं तेव्हा ती भर सभेत उभी राहिली आणि म्हणाली, "कमनन, तुम्हाला माहीत होतं. एका शब्दाने सांगितलं असतंत तर माझं तळं वाचलं असतं."

थावॉन दात कोरत हसला. "अगं लामदुआन, मासे मी एकट्याने सोडले का? तुझाही हात होता की माझ्या कोपराला! पुण्यात वाटा हवा आणि पापाच्या वेळी हात वर?"

सगळा मंडप हसला. ज्यांची तळी बुडाली होती, तेसुद्धा हसले. लामदुआनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोट काही कुणाला सुटत नाही. गेले आठ महिने ती त्याच थावॉनच्या तळ्यावर कोळंबी निवडत होती. अख्ख्या कालव्यावर तेवढं एकच तळं जिवंत राहिलं होतं.

कोळंबी निवडताना तिने एक वाक्य घोटून घोटून तयार केलं होतं. 'कमनन, तुमच्या नावाने पुण्य केलं, तुमच्याच तळ्यात.' हे ऐकताना त्याचा चेहरा कसा होईल, ते ती रोज मनात बघायची आणि त्यावर तिचा दिवस निघायचा.

आज उपोसथाचा, उपास-व्रताचा दिवस. सगळं गाव विहारात. बादली घेऊन लामदुआन थावॉनच्या बांधावर आली, उघाडीच्या आतल्या बाजूला गुडघ्यांवर बसली. पाणी संथ होतं. कडेला कोळंबीची पिल्लं टुणटुण उडत होती. तिच्या तळ्यातही अशीच उडायची.

"कोण आहे गं तिथं?"

तिचा हात थबकला. घराच्या ओट्यावरून थावॉनची आई, फिअन आजी, भिंत चाचपत उतरत होती. डोळे मोतीबिंदूने गेलेले. एवढं मोठं कमननचं घर, पण लामदुआनचं तळं गेलं तेव्हा वाडगाभर भात घेऊन तिच्या दाराशी आली होती ती एकटी ही म्हातारी, तीही काठी टेकत.

"मी आहे आजी, लामदुआन. तुम्ही विहारात नाही गेलात?"

"गुडघा बघ ना मेला, सुपारीएवढा होता तो नारळाएवढा झालाय. थावॉन म्हणाला, घरी बस. बसले." म्हातारी जवळ आली आणि कान देऊन थांबली. "बादलीत काय फडफडतंय? मासे?"

"हो."

"सोडतेस?"

लामदुआनने बादली पाण्याजवळ ओढली.

"सवाटसाठी ना? गुणी हो, फार गुणी होता तुझा नवरा. थांब, थांब, मी आल्याशिवाय ओतू नकोस. आज माझ्या पदरात काहीच पडलं नव्हतं बघ." म्हातारी धापा टाकत वाकली, चाचपडत तिचा दंड शोधला आणि सुरकुतलेला हात तिच्या कोपराला लावला. "हं. आता ओत."

अजून वेळ होता. 'हे मासे चांगले नाहीत, आजी,' एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. एक शब्द. लामदुआनच्या डोळ्यांपुढे म्हातारीचा भाताचा वाडगा आला. त्याच्या मागोमाग समोरच्या बांधावरून हलणारा थावॉनचा हात आला, दात कोरणं आलं, हसणारा मंडप आला. एक शब्द त्याच्याजवळही होता, तो त्याने दिला नव्हता. तिने दात-ओठ खाल्ले आणि बादली कलती केली.

मासे एकामागून एक पाण्यात गेले. एक काठाशीच घुटमळला, मग तोही गेला.

"साधु, साधु, साधु," म्हातारी पुटपुटली. "किती होते?"

"नऊ."

"वा!"

तेवढ्यात वाटेवर मोटरसायकल थांबली. थावॉन आईसाठी विहारातला भाताचा डबा घेऊन आला होता. पांढरा सदरा, कपाळावर मंत्राच्या पाण्याचे थेंब. त्याने आधी दोघींकडे पाहिलं, मग रिकाम्या बादलीकडे. बादलीच्या तळाशी पिवळी अंडी चिकटली होती. इतकी मोठी अंडी कोणत्या माशाची, हे आता कालव्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. आठ महिने लामदुआन मनात बघत होती तसाच्या तसा तो चेहरा झाला, आणि ती उठून उभी राहिली, वाक्य जिभेवर घेऊन.

"थावॉन, आलास का रे?" म्हातारीने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. तिच्या सगळ्या सुरकुत्या हसत होत्या. "अरे, आम्ही दोघींनी मासे सोडले, आपल्या तळ्यात! नऊ! लामदुआनने ओतले, पण माझाही हात होता हं कोपराला. तुलाही लाभेल बघ."

थावॉनचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. डबा हातात धरून तो बांधावरच मटकन बसला.

"काय रे? बोलत का नाहीस?" म्हातारीचं हसू जरा उतरलं. "लामदुआन, काय झालं गं याला? माझं काही चुकलं का?"

घोटलेलं वाक्य लामदुआनला आठवेना. आठवलं असतं तरी ते या बाईच्या देखत बोलवलं नसतं. तिने थावॉनकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"नाही आजी," ती म्हणाली. "तुमचं काही नाही."

"मग चल, मला आत सोड. गुडघा ठणकतोय."

म्हातारीचा हात अजून तिच्या कोपरालाच होता. लामदुआनने बादली तिथेच ठेवली आणि तिला धरून, पावलापुढे पाऊल टाकत, थावॉनच्या घराकडे नेऊ लागली.