सात नाकांची साक्ष

मिरीने बोलणं बंद केलं, त्याला आज बारावा दिवस होता.

चार वर्षांची पोर. एरवी तिचं तोंड म्हणजे सोडून ठेवलेला नळ. भिंतीशी बोलेल, चपलेशी बोलेल, झोपेतसुद्धा कुणाला तरी दटावेल. आणि आता तोंडावर उजवा तळहात, घट्ट. जेवायच्या वेळी हात बाजूला, घास आत, की हात परत जागेवर. पाळणाघरात एका पोराने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "हिच्या तोंडात काय मेलंय?" बाकीची पोरं हसली. लेकरांच्या हसण्यात पाप नसतं हो, पण ते मोठ्यांच्या शिवीपेक्षा खोल जाऊन बसतं.

त्याच संध्याकाळी पाळणाघराच्या मावशींनी आईला दारातच थांबवलं. "बाई, राग मानू नका. पोरीच्या तोंडाला फार वास येतो. बाकीच्या आया कुरकुरतात. काहीतरी बघा."

आईने बघितलं. म्हणजे काय केलं, तर ब्रश हातात घेतला. सकाळी, संध्याकाळी, मग जेवणानंतरही. दात झाले, जीभ झाली, गाल आतून झाले. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. गोड बंद, दूध बंद. पाचव्या दिवशी फेसात रक्त आलं, तरी हात थांबेना. पोर हुंदके गिळायची, कारण रडायला तोंड उघडावं लागतं. "एकदाच गं माझी राणी, अजून एकदाच," आई म्हणायची, आणि मनात देवाला म्हणायची, बाबा रे, माझ्याच हातून हे का करवून घेतोस?

घरात दुसरं कुणी नाही. बाप मालवाहू जहाजावर, अजून पाच महिने पाण्यावरच. फोनवर म्हणाला, "दात किडले असतील." समुद्रापलीकडून निदान करायला काय जातंय.

आणि खरी गोम पुढेच आहे. आईला स्वतःला तो वास कधी आलाच नव्हता. रोज पोर झोपली की तिच्या ओठांशी नाक नेऊन हुंगायची. काही नाही. दुसऱ्या दिवशी मावशी म्हणायच्या, "आज तर जास्तच आहे हो." शेवटी बुधवारी सकाळी त्यांनी सांगून टाकलं, "शुक्रवारपर्यंत ठेवते. पुढे मला नाही जमणार."

पाळणाघर सुटलं की काम सुटणार, काम सुटलं की खोली. पण आईला खरी धास्ती त्याची नव्हती. आत्ता पोरीला काढलं, तर ती हात तोंडावर धरूनच मोठी होईल, हे तिला लख्ख दिसलं. मग भीतीचा झाला संताप. ही बाई खोटं बोलतेय. माझी पोर हिच्या डोळ्यांत खुपतेय. तिने मिरीला उचललं आणि सरळ कारखान्यात नेलं.

कारखाना सोफ्यांचा. लाकडी सांगाड्यावर फोम चिकटवायचा, वर रेक्झिन ताणून शिवायचं. आईचं काम फोमचं. डब्यातलं चिकटवायचं सोल्यूशन ब्रशने फासायचं, जरा सुकू द्यायचं, दाबायचं. नऊ वर्षं तेच. खिडक्या दोन, त्याही धूळ येते म्हणून बंद.

"मोठे मिस्त्री, जरा हिचं तोंड हुंगा," आई म्हणाली.

मिस्त्री तोंडातले खिळे काढत म्हणाले, "हे काम पगारात बसतं का?"

"थट्टा नको. खरं सांगा."

तिने मिरीचा हात ओढून बाजूला केला. मिस्त्री वाकले, लांब श्वास घेतला. "काही नाही. फुलासारखं आहे."

मग शिलाईवाली काकू आली. "कुठे काय? उगाच लेकराला छळतात." मग कापणारे दोघे भाऊ, मग हमाल, मग पॉलिशवाला, मग खुद्द मालक. पोर डोळे मिटून उभी, आणि देवळातल्या रांगेसारखी माणसं एकामागून एक वाकून जातायत. सात नाकं, सात साक्षी, सगळ्यांचं एकच. वास नाही.

"जा, त्या बाईला सांग," काकू म्हणाली, "तुझंच नाक तपासून घे म्हणावं."

आई गेली ती तडकच. पाळणाघरात मावशी फरशी पुसायच्या तयारीत, हातात बाटली. "सात माणसांनी हुंगलंय," आईने दारातूनच सुरुवात केली, "सात! आणि तुम्ही एकट्याच—"

मावशींनी ऐकून घेतलं. बाटलीचं झाकण काढून ती आईच्या नाकाखाली धरली.

"हे काय आहे?"

"काय आहे म्हणजे? पाणी."

आईने बाटली हातात घेऊन पाहिली. आतलं दुधाळ होतं, वर चिठ्ठी होती. फिनेल. तिने नाक आत घालून ओढलं. डोळ्यांना झोंबलं, पाणी आलं. वास मात्र नाही. कसलाच नाही.

"कधीपासून हो?" मावशींनी हळूच विचारलं.

तिला कुठे ठाऊक होतं? दोनदा दूध करपलं तेव्हा वाटलं, आपण दमलोय. जेवण बेचव लागायचं तेव्हा वाटलं, दोघींपुरतं रांधलेलं असंच लागतं. आणि कारखान्यातली सातही माणसं त्याच बंद खिडक्यांत, त्याच डब्याच्या वाफेत बसणारी. कुणी खोटं बोललं नव्हतं. सगळे पोरीवर माया करणारे होते. आंधळ्यांना गोळा करून तिने अंधार नसल्याचा दाखला घेतला होता.

ती पायरीवर बसली. देवा, म्हणाली, लेकरू एवढं माझ्या कुशीत झोपतं, आणि त्याच्यात काय सडतंय ते मला कळू नये?

मावशींनी मुलांच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. शुक्रवारी सकाळचा नंबर मिळाला.

डॉक्टरीणबाईंनी मिरीचं तोंड बघितलं आणि आईकडे बघितलं. "हिरड्या कुणी सोलल्या?"

"मी."

"दात उत्तम आहेत. जीभ स्वच्छ, घसाही बरा." त्यांनी दिवा उचलला. "मुलांच्या तोंडाला वास आला की सगळे दातांच्या मागे लागतात. दात असतात कारण, नाही असं नाही. घसा असतो, सर्दीने तोंड उघडं टाकून झोपणं असतं. पण ही डावी नाकपुडी कधीपासून वाहतेय?"

"सर्दी आहे. महिना झाला असेल."

"एकाच बाजूला सर्दी?"

आई महिनाभर तेच नाक रुमालाने पुसत होती, तेच घट्ट पिवळं-हिरवं, आणि लगेच ब्रशकडे वळत होती.

पोरीला मांडीवर आवळून धरायला सांगितलं. बारीक चिमटा आत गेला. मिरी बारा दिवसांत पहिल्यांदा ओरडली, आणि ताटलीत काहीतरी पडलं. वाटाण्याएवढं, काळपट, लिबलिबीत. नर्सने तोंड फिरवून खिडकी उघडली. आई मात्र वाकून बघत राहिली. नाकाने नाही कळलं, पण हाताखालून नऊ वर्षं गेलेला माल डोळ्यांनी कळला. फोम. पाठीच्या उशीचा, मऊ प्रतीचा. पोरीला खेळायला म्हणून तिनेच पिशवीभर कात्रणं घरी नेली होती.

"पुन्हा असं झालं तर घरी बोट घालू नका, आत ढकललं जातं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन-तीन दिवसांत वास जाईल. आणि तुम्ही स्वतःचं नाक दाखवा. उशीर नको."

"येईल का परत?"

"सांगता येत नाही."

दुपारी दोघी पाळणाघरात आल्या. मावशींनी सगळं ऐकलं, फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "राहू दे पोरीला. ये गं मिरे, बोल काहीतरी."

हात तोंडावर, घट्ट.

"अगं, नाकातलं होतं ते. निघालं," आई म्हणाली. "तुझं तोंड चांगलंच होतं." हात हलेना. का हलावा? तोंडात घाण आहे हे बारा दिवस ब्रशने घासून घासून आईनेच शिकवलं होतं. आणि आता ती गेली असं सांगायला आईकडे नाक कुठे होतं? तिला रडू फुटलं. ती मिरीसमोर गुडघ्यांवर बसली.

"मिरे, माझंच नाक बिघडलंय. मला कशाचाच वास येत नाही, काही म्हणजे काहीच नाही. मी तुला उगाच दुखवलं. मला मदत करशील? मावशींनी काय खाल्लंय, सांगशील मला?"

मावशींनी मोठ्ठा आ केला. "लसूण खाल्लाय बाई मी, भरपूर. हा!"

मिरी बघत राहिली. मग हळूच पुढे वाकली, एक श्वास घेतला, दोन्ही नाकपुड्यांनी, आणि तोंडावरचा हात उचलून तिने नाक दाबून धरलं.

"शी," ती म्हणाली.

मावशी हसल्या. आईला हसू आलं नाही. "खूप येतो?" तिने विचारलं.

"खूप." घोगरा, गंजलेला आवाज. मग मिरी आईच्या जवळ सरकली, तिच्या पदराला नाक लावलं. "तुला कारखान्याचा येतो. रोजच येतो."

आईने मान हलवली. सोमवारी त्याच डब्यापाशी बसायचं होतं.

"आणखी?" ती म्हणाली. "सांग मला. काय काय येतो ते सगळं सांग."